वेदीचं कापड

आठवड्याचे सहा दिवस मी मार्केट यार्डात हळद निवडते.
शनिवारी हात घासते, चिंचेनं, राखेनं, दगडानं,
कारण वेदीचं कापड पांढरं असतं
आणि माझे तळवे कधीच पुरते उजळत नाहीत.
सिस्टर फिलोमिना म्हणायची, रोजलीन, रुमालात गुंडाळून धर.
बावीस वर्षं गुंडाळून धरलं.

चर्चची किल्ली मतियसकडं, माझ्या नवऱ्याकडं.
घंटा तो वाजवायचा,
उरलेलं मेण खिशातनं जोवेलला आणायचा.
जोवेल त्याचे बेंदराचे बैल करायचा,
शिंगांना माझी हळद लावायचा.

मग जोवेलनं बैल करणं सोडलं.
मिस्सेला झगा घाल म्हटलं की
पोटात दुखतंय म्हणायचा.
मी ओवा दिला.
देवा, मी ओवा दिला.

कळलं त्या रात्री मतियस उंबऱ्यावरच बसून राहिला.
सकाळी म्हणाला, बिशपांना लिहितो.
सातवी शिकलेला माणूस, तीन पानं झाली.
एक शब्द त्याला लिहवेना,
तिथं त्यानं नुसती रेघ मारली.

बैठकीत बार्तोल मास्तर म्हणाले,
अख्ख्या सांगलीत आपली साठ घरं.
आधीच लोक विचारतात, तुम्ही नक्की कोण?
हे बाहेर गेलं तर?
फादर जातीलच बदलून. मिटवा.
कुणीतरी चहा सांगितला.
चहा आला. लोक प्याले.
मतियसचा कप तसाच राहिला, साय धरून.

चौथ्या दिवशी पहाटेची घंटा झाली नाही.
सामानाच्या खोलीत तो पालथा होता.
पायरीवरनं घसरून डोक्यास मार, असं पंचनाम्यात आहे.
त्या खोलीला पायरी नाही.

वेदीवरचे मेणबत्त्यांचे पितळी स्टँड सहा.
मीच घासलेत, मला ठाऊक.
त्या रविवारी पाच.
हवालदारानं विचारलं, किती होते?
मास्तर म्हणाले पाच.
खजिनदार लुकास, माझ्या पोराचा धर्मबाप, म्हणाला पाच.
रजिस्टरात सहाचे पाच केलेले,
पान जुनं, तपकिरी, आणि तेवढा एक आकडा निळाशार.
मी म्हणाले, सहा.
हवालदारानं माझे हात बघितले.
हळदीत कामाला का, बाई?
जणू हळदीत राहून मोजता येत नाही.
पोत्यामागं पैसे मिळतात मला, साहेब.
मोजण्यावरच जगते मी.

फादर गेले. प्रकृतीच्या कारणास्तव,
असा कागद फळ्यावर लागला.
कुठल्या गावाला, ते लिहिलं नव्हतं.
तिथंही पोरं असतील, झगे घालून, रांगेत.

पुढच्या शनिवारी हात धुतले नाहीत.
कापड घरी आणलं, फरशीवर पसरलं
आणि दोन्ही तळवे मधोमध दाबले,
भाकरी थापावी तसे, वजन टाकून.
वर साबण फिरवला. विसळलं नाही.
हळदीला साबण लागला की लाल होते,
यार्डातल्या कुठल्याही बाईला विचारा.
उन्हात टाकलं तर उडून जातं, तेही त्याच सांगतील.
म्हणून सावलीत वाळवलं.
इस्त्री केली, कडा जुळवल्या,
आणि पहिल्या मिस्सेआधी अंथरलं.

नवा फादर पुस्तक उघडायला वाकला आणि थांबला.
मागं कुणी खोकलं. मास्तरांनी चष्मा पुसला.
कुणी काही विचारलं नव्हतं,
तरी मी उभी राहिले.
सहा, म्हणाले.

शेजारी जोवेल.
त्याच्या मुठीत मेणाचा तुकडा होता,
कधी उचलला कोण जाणे.
बोटांनी तो दाबत होता, पुन्हा पुन्हा.
बैल नव्हता तो.
अजून कशासारखाच नव्हता.